मेल्याशिवाय रिमोट द्यायचा नाही

पहिला भाग सगळ्यांत टाकाऊ, असं कुणी म्हणालं की मी वाद घालत नाही, सरळ भांडते. शाळेत गणित शिकवते, केस पिकलेत, पोरगी कॉलेजात आहे, तरी भांडते. परवा मोबाईलवर एक मुलगा किल्ल्याच्या गेमच्या जुन्या भागांची तुलना करत बसला होता. पहिल्या भागाला त्याने शेवटचा नंबर दिला. कारण काय, तर म्हणे त्यातली उडी आडमुठी आहे, एकदा मारली की हवेत दिशा बदलता येत नाही. मी त्या व्हिडिओखाली एवढं लांबलचक लिहायला घेतलं की नवऱ्याने विचारलं, कुणाशी भांडतेयस? मी म्हटलं, दादाशी.

कारण हे वाक्य मुळात माझ्या भावाचं आहे. तो हे शाळेत असल्यापासून म्हणतोय. पुण्यात मोठ्या नोकरीला लागला, टक्कल पडलं, तरी म्हणतोय. आणि यंदाच्या वर्षात त्याच्या त्या वाक्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात नेली, ती अजून खाली उतरलेली नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. किल्ल्याचा गेम म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा जुना व्हिडिओ गेम. डोंगरावर एक काळा किल्ला, बाहेर थडगी, आत वटवाघळं, सांगाडे आणि मेणबत्त्या. आपला माणूस साखळीला बांधलेला कंदील गरागरा फिरवत आत शिरतो आणि जिने चढत चढत वर जातो. सगळ्यांत वरच्या खोलीत किल्ल्याचा मेलेला मालक बसलेला असतो. मेलेला, पण मरत नाही. प्रत्येक भागात त्याला मारायचं आणि पुढच्या भागात तो पुन्हा हजर. त्याचं खरं नाव इंग्रजीत लिहिलेलं असायचं, पण आम्ही त्याला घरमालक म्हणायचो. आम्ही तेव्हा नाशिकरोडला दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो, आणि आमचा खरा घरमालकही वरच्या मजल्यावरच राहायचा. तो मनात आलं की पाणी बंद करायचा. त्यामुळे आम्हाला गेम समजावून सांगायला कुणी लागलं नाही.

पप्पा रेल्वेत होते. रोज नाशिकरोड ते मनमाड जाऊन येऊन. एकदा संध्याकाळी डब्याच्या पिशवीतून त्यांनी तो गेम काढला. मनमाडला स्टेशनबाहेर एक जण हातगाडीवर घड्याळं, टॉर्च, असलं काहीबाही विकायचा, त्याच्याकडून घेतलेला. आईने आधी कपाळाला हात लावला. मग ती म्हणाली, पोरांसाठी आणलाय ना, मग आधी तुम्ही का बसलात?

हो, पहिल्यांदा पप्पाच बसले. मांडी घालून, बनियनवर, रिमोट पोटाशी धरून. कंट्रोलर वगैरे शब्द आमच्याकडे नव्हते, रिमोटच म्हणायचे सगळे. पहिल्या भागात ते किल्ल्याच्या फाटकापाशीच मेले. मग दादा मेला, मग मी. मग रिमोटवरून आमची इतकी ओढाओढी झाली की त्याची वायर तुटली. पप्पांनी ती काळ्या चिकटपट्टीने जोडली आणि घराचा कायदा केला. मेला की रिमोट द्यायचा. मेला नसेल तोवर त्याच्या हातातून कुणी घ्यायचा नाही. तो कितीही वाईट खेळत असो, खड्ड्याच्या काठावर उभा राहून शेंगदाणे खात असो, घ्यायचा नाही. मेलेल्याने मात्र स्वतःच्या हाताने पुढच्याला द्यायचा, फेकायचा नाही. घरी आलेल्या पाहुण्यांच्या पोरांनाही हाच नियम होता, आणि त्यावरून माझी एक मावशी बरेच दिवस रुसली होती.

दसऱ्याला पप्पा पूजेत हत्यारं मांडायचे. पाना, पक्कड, आईची विळी, दादाचा कंपास आणि शेवटी तो रिमोट. त्यालाही हळदकुंकू, त्याच्यावरही झेंडू. आणि पूजा झाली की हत्यार एकदा चालवायचं, अशी त्यांची स्वतःची रीत होती. आई विळीवर कोथिंबीर चिरायची, पप्पा एखादा स्क्रू पिळायचे आणि मग सगळ्यांनी मिळून किल्ला. आमच्या अख्ख्या वाडीत रिमोटची पूजा करणारं आमचं एकच घर होतं.

आता तुलनाच करायची तर नीट करू. पहिल्या भागात वाट एकच आहे. उडी मारण्याआधी विचार करायचा, कारण उडी मारली की मारली. काहीही लागलं की कंदीलवाला मागे फेकला जातो, आणि मागे खड्डा असला तर संपलं. जिने तर फारच अवघड. जिन्याशी गेलं की डाव्या अंगठ्याने वरचं बटण दाबून धरावं लागतं. अंगठा सुटला की तो तिथेच पायरीवर उभा राहतो, वरून काहीही येवो. पण त्या गेमने कधी फसवलं नाही. मेलो तर आपल्या चुकीने मेलो. भूक लागली तर कुठल्यातरी भिंतीत भाकरी पुरलेली असायची, आणि ती ज्याने फोडून शोधली त्याची. मला हा गेम सरळ वाटतो. अवघड असणं आणि अन्याय करणं ह्यांत फरक आहे, हे मी वर्गात रोज सांगते, आणि ते मला ह्या गेमने शिकवलं.

दुसऱ्या भागात गावं आली. दिवस मावळायचा, बाजार बंद व्हायचा, रस्त्यात माणसं भेटायची आणि बोलायची. बहुतेक खोटं बोलायची. दादा शब्दकोश घेऊन त्यांचं इंग्रजी लावत बसायचा, आणि त्यांनी सांगितलेल्या तळ्याकाठी जाऊन उभा राहायचा. काहीच व्हायचं नाही. दादा चिडायचा. आईला मात्र तो भाग आवडायचा. ती स्वयंपाकघरातून ओला हात पुसत यायची आणि विचारायची, ती म्हातारी काय म्हणाली आता? मग स्वतःच सांगायची की तिच्या तोंडावरूनच दिसतंय, हिच्यावर विश्वास ठेवू नका. आणि ते बरोबर निघायचं. जगात सगळे घरमालकाच्या बाजूचे नसतात, पण सगळे आपल्या बाजूचेही नसतात, एवढं त्या भागाने सांगितलं. म्हणून मी त्याला दुसरा नंबर देते, लोक काही म्हणोत.

तिसरा भाग दादाचा. त्यात रस्त्याला फाटे आहेत. एकीकडून घड्याळाचा मनोरा, दुसरीकडून दलदल. वाटेत सोबती मिळतात, अडचण आली की आपण बाजूला व्हायचं आणि सोबत्याला पुढे करायचं. दिसायलाही तोच सगळ्यांत देखणा, हे मी मान्य करते. दादा म्हणायचा, ह्यात चॉइस आहे, म्हणून हा ग्रेट. मी म्हणायचे, ह्यात अडचण आली की दुसऱ्याला पुढे करता येतं, म्हणून तुला आवडतो. तेव्हा मी ते चिडवायला म्हणायचे. पप्पा ह्या भांडणात पडत नसत. त्यांची पाळी आली की ते गुपचूप पहिल्या भागाची कॅसेट काढायचे, फुंकर मारायचे आणि फाटकापासून सुरुवात करायचे. घड्याळाचा मनोरा त्या भागातही होता, आणि त्याच्यापलीकडे ते कधी गेलेच नाहीत. तिथे एक उडी होती, फिरत्या चाकावरून कठड्यावर. पप्पा तिथे मरायचे, रिमोट द्यायचे आणि चहा मागायचे.

पुढे त्यांनी सिडकोत फ्लॅट घेतला. दुसरा मजला, लिफ्ट नाही, गॅलरीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो. कुलूप उघडून आत पाऊल ठेवल्याबरोबर पप्पा म्हणाले, आता घरमालक मी. आई म्हणाली, बघा हो, आपल्या पोरांना घरमालकाला मारायची सवय आहे. सगळे हसलो. पुढे आई त्याच घरात वारली. तिची विळी अजून ओट्याखाली आहे.

गेल्या वर्षी पप्पांना झटका आला. डावी बाजू गेली, तोंड थोडं वाकडं झालं. डोकं शाबूत, पण शब्द यायला वेळ लागतो. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा सोसायटीतल्या चार पोरांनी खुर्चीवर बसवून दोन मजले वर नेलं, आणि पप्पांनी सगळा वेळ डोळे मिटून घेतले होते. मी जवळच राहते, सकाळ-संध्याकाळ जाते. दिवसभर त्यांना सांभाळायला कामाच्या एक मावशी असतात. माझ्याकडे या म्हटलं तर ते मान हलवतात. लेकीकडे राहायचं नाही, असला काही मानपानाचा प्रश्न नाही. त्यांना त्यांच्या घरात राहायचंय, एवढंच आहे ते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसंच.

व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, डाव्या अंगठ्याला काम द्या, त्यांना आवडेल असं. मला एकदम तो जिना आठवला. दादाला फोन केला. त्याने लगेच टीव्हीला जोडायचा एक नवा डबा पाठवला, त्यात किल्ल्याचे सगळे जुने भाग एकत्र. हे त्याने केलं, आणि पटकन केलं, हे मी विसरलेले नाही. रागात माणूस हिशेबात चुकतो, मी चुकणार नाही.

पप्पांनी पहिला भाग लावला. पहिले कितीतरी दिवस कंदीलवाला फाटकाबाहेरच्या थडग्यांमध्येच मेला. मग पहिल्या जिन्यावर अर्ध्यात उभा राहायला लागला. अंगठा बटणावर असायचा, पण दाबला जायचा नाही. पप्पांच्या कपाळावर घाम यायचा. मावशी म्हणायच्या, ताई, कशाला म्हाताऱ्या माणसाचा छळ? मग एका संध्याकाळी मी आत शिरले तर कंदीलवाला जिन्याच्या वर उभा होता, आणि पप्पा त्याला पुढे नेतच नव्हते, नुसते बघत होते. पावसाळा संपेपर्यंत ते स्वतः बिल्डिंगच्या जिन्याचा कठडा धरून खालच्या पहिल्या वळणापर्यंत उतरायला आणि परत चढायला लागले. हळूहळू, दम खात, पण लागले.

आणि ह्याच दिवसांत दादाने फ्लॅट विकायचं ठरवलं. दर रविवारी फोनवर तो मला समजावायचा. त्याच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, खाली बाग आहे, पप्पांना कॉम्प्युटरची खोली देऊ, वहिनीचीही ना नाही. आजारपणात दोन जिने म्हणजे शिक्षा आहे असं तो म्हणायचा. म्हणायला सगळं रास्त. मी प्रत्येक वेळी एकच विचारायचे, पप्पांना विचारलंस का? तो म्हणायचा, त्यांना काय विचारायचं ह्या अवस्थेत? उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. उंट पुण्यात होता.

दवाखान्याच्या धावपळीत घराची दुसरी किल्ली त्याने स्वतःकडे ठेवून घेतली होती, अडीअडचणीला म्हणून. ती त्याने एका एजंटला दिली. मला सांगितलं नाही, पप्पांना तर नाहीच.

एका दुपारी मावशी भाजी आणायला गेल्या होत्या. पप्पा एकटे टीव्हीसमोर होते. दार बाहेरून उघडलं आणि एजंट एका नवराबायकोला घेऊन आत आला. घर रिकामं असेल असं त्याला सांगितलेलं असावं. समोर म्हातारा बघून तो म्हणाला, चालू द्या काका तुमचं, आम्ही फक्त बघतो. आणि त्यांनी बघितलं. खोल्या बघितल्या, नळ सोडून बघितले, गॅलरी मोजली, ओट्याखाली वाकले. पप्पा रिमोट हातात धरून बसले होते. बोलायला शब्द जुळेपर्यंत ती माणसं निघूनही गेली होती. हे मला पप्पांनीच संध्याकाळी सांगितलं, एकेक शब्द ओढून काढत. दार उघडलं, त्यांनी. माझं दार. एवढं बोलायला त्यांना चहा गार होईपर्यंत वेळ लागला. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले, दुःखाने नाही, संतापाने.

दादाला फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो म्हणाला, एजंटची चूक झाली, किल्ली परत घेतलीय, दसऱ्याला येतोय, समोरासमोर बोलू.

दसऱ्याला तो एकटाच आला. सकाळी मी पूजा मांडली. पाना, पक्कड, आईची विळी आणि नवा रिमोट. झेंडूचं फूल पप्पांनी स्वतः ठेवलं, डाव्या हाताने, आणि ते दोनदा घरंगळलं तरी आम्हाला मदत करू दिली नाही. जेवणं झाली. मग रीतीप्रमाणे हत्यार चालवायला पप्पा बसले. पहिला भाग, फाटक, थडगी, जिना. दादा शेजारी खुर्चीत बसून मला त्याचे बेत सांगू लागला. ह्यांना दिवाळीनंतर नेऊ. ह्यांचं सामान फार नाही. ह्यांना तिकडे सवय होईल. शेजारी बसलेल्या माणसाबद्दल तो असं बोलत होता, जसं मुलं झोपल्यावर आईबाप मुलांबद्दल बोलतात. मी म्हटलं, ते इथेच बसलेत, त्यांच्याशी बोल. तो म्हणाला, तू भावनेच्या भरात बोलतेस.

तोवर पप्पा घड्याळाच्या मनोऱ्यात पोचले होते. झटक्यानंतर पहिल्यांदाच. मी त्यांच्याकडे बघायला लागले आणि दादाही बोलायचा थांबला. तेच फिरतं चाक, तोच कठडा. पप्पा चाकाच्या अलीकडे उभे राहिले, अंगठा बटणावर ठेवून. चाक एकदा फिरलं, पुन्हा फिरलं. ते उडी मारेनात. ते वाट बघत होते. पहिल्या भागात वाट बघावीच लागते, हे दादाला कधी पटलं नाही.

दादा म्हणाला, पप्पा, ह्यात आता सोय आहे, चुकलं तर मागे नेता येतं. पप्पांनी चाकावरची नजर काढली नाही. दादा म्हणाला, हा भाग आहेच तसला, उडी वळतच नाही, द्या, एवढं पार करून देतो. आणि त्याने हात पुढे केला आणि पप्पांच्या हातातून रिमोट काढून घेतला.

त्या घरात हे कधीच कुणी केलं नव्हतं. पप्पांची बोटं तशीच वाकलेली राहिली, रिमोट धरल्यासारखी. ते दादाकडे बघत होते. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"मेलो नाय मी अजून," पप्पा म्हणाले.

स्पष्ट म्हणाले. नांदगावच्या त्यांच्या लहानपणीच्या बोलीत, जशी ते फक्त चिडले की बोलायचे. दादाचा चेहरा उतरला. त्याने रिमोट परत दिला, दोन्ही हातांनी, आणि सॉरी पप्पा म्हणाला. हा मुलगा वाईट नाही, ह्याचाच मला जास्त राग येतो. वाईट असता तर दार लावून मोकळी झाले असते.

पप्पांनी रिमोट पोटाशी घेतला. अजून एक फेरी चाकाला फिरू दिली आणि उडी मारली. उडी बरोबर होती. पण पलीकडून एक वटवाघूळ आलं, कंदीलवाल्याला लागलं, तो मागे फेकला गेला आणि खाली गेला. पडदा काळा झाला. दादाचं बोट त्या मागे न्यायच्या बटणाकडे दाखवायला उचललं गेलं होतं, ते त्याने खाली घेतलं.

पप्पा थोडे हसले. मग त्यांनी कायद्याप्रमाणे रिमोट दादाच्या हातात दिला. डाव्या हाताने दिला. दादाने तो घेतला, पण पप्पांनी हात मागे घेतला नाही. तळवा वर करून तसाच पुढे धरला.

"किल्ली," ते म्हणाले.

दादाने माझ्याकडे बघितलं. मी टीव्हीकडे बघत राहिले. त्याने रिमोट मांडीवर ठेवला आणि खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यात त्याच्या गाडीची किल्ली होती, ऑफिसची होती, पुण्याच्या घराची होती, आणि मधोमध आमची. कडी घट्ट होती. तो नखाने ती उकलायला बघत होता, ती निसटत होती, तो पुन्हा बघत होता. मी शेजारीच बसले होते आणि माझ्या केसांत पिन होती, पण मी ती दिली नाही. त्याला बराच वेळ लागला. तेवढा वेळ पप्पांचा डावा हात हवेत तसाच होता, खाली आला नाही.